तलावाकाठच्या रिसॉर्टवर नोकरी: स्टाफ क्वार्टरची खोली राहण्याजोगी कशी करावी

हाउसकीपिंगमध्ये दिवसाला १२-१४ खोल्या लावायच्या. चादरीचा कोपरा नीट दुमडला का, उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे तर नाही ना, दोन्ही पडदे सारखे सरकलेत का, सगळं बघायचं. आणि रात्री क्वार्टरवर आलं की लोखंडी कॉट, डोळ्यांत घुसणारी ट्यूबलाइट, दारामागच्या खिळ्याला ओला युनिफॉर्म. ‘कायमचं थोडंच राहायचंय इथे’ असं म्हणत मी पहिला सीझन तसाच काढला. चार महिने, म्हणजे १२० रात्री. तेवढ्या रात्री जिथे झोपायचं ते घरच असतं, हे मला दुसऱ्या सीझनला पटलं.

आता पाच सीझन झालेत. या खोलीचा क्रम मला पाठ झालाय: आधी ओल, मग झोप, मग रूममेट, आणि शोभा सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा केला तर हौसेने लावलेलं चित्र महिन्याभरात फुगतं आणि त्यामागची भिंत काळी पडते.

बॅग उघडण्याआधी

खोलीची किल्ली मिळाली की बॅग बाथरूमच्या फरशीवर ठेवा, कॉटवर नाही. रिसॉर्टच्या क्वार्टरमध्ये दर सीझनला माणसं बदलतात आणि त्यांच्या सामानाबरोबर ढेकूणही फिरतात. मोबाइलचा टॉर्च लावून गादीची शिवण चारही बाजूंनी बघा, कॉटचे सांधे बघा, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू बघा. पेनाच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा. कपड्यांबद्दल शंका असेल तर रिसॉर्टच्या लॉन्ड्रीत विनंती करा. ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवले की ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात.

मग खोलीचे फोटो काढा. भिंतीचे पोपडे, फुटलेली काच, बाथरूमच्या दाराचा सडलेला खालचा भाग, सगळं. हे फोटो क्वार्टर सांभाळणाऱ्याला त्याच दिवशी पाठवून ठेवा. खिळा ठोकायला परवानगी आहे का, शेगडी किंवा इलेक्ट्रिक केटल चालते का, एक्स्टेंशन बोर्ड लावता येतो का, हे प्रश्न मेसेजवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

ओल: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पाहुण्यांच्या खोल्यांना तलावाचं दृश्य मिळतं, आणि स्टाफ क्वार्टर बहुतेकदा मागे, झाडाखाली, उताराच्या खालच्या अंगाला असतं. ऊन कमी, पाणी जवळ. पहिल्या सीझनला दोन महिन्यांनी मी कॉट पुढे ओढली, तर भिंतीवर कॉटच्या फळीच्याच आकाराचा काळा पट्टा उमटला होता. फळी भिंतीला चिकटून होती, मध्ये हवा खेळत नव्हती, आणि बुरशीने बरोब्बर तेवढीच जागा धरली होती. कॉटखालच्या बॅगेतल्या स्वेटरचा कुबट वास तीन धुण्यांनंतर गेला.

म्हणून पहिली खरेदी हायग्रोमीटरची. हवेतली आर्द्रता दाखवणारं हे छोटं यंत्र स्वस्त असतं आणि खिशात मावतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा. सतत ७०च्या वर राहिला तर बुरशी येणार हे धरून चाला.

आता खिडकी कधी उघडायची? बहुतेक जण पहाटे तलावावर धुकं बघून खिडकी लावून घेतात आणि दुपारी उघडतात. गारठ्याच्या दिवसांत हे नेमकं उलटं आहे. गार हवेत पाणी कमी मावतं. १० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जेमतेम ९ ग्रॅम बाष्प असू शकतं, २२ अंशांच्या हवेत १९ ग्रॅम. धुक्याची ती गार हवा आत येऊन खोलीइतकी तापली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. दमट उन्हाळी दुपारी मात्र ३० अंशांच्या हवेत २१ ग्रॅमपर्यंत बाष्प सहज असतं. ती सावलीतल्या गार खोलीत शिरली की जादाचं पाणी आरशावर, पत्र्याच्या कपाटावर आणि भिंतीच्या कोपऱ्यांत बसतं. सोपा नियम असा: बाहेरची हवा खोलीपेक्षा गार असेल तेव्हा खिडकी उघडा, गरम आणि चिकट असेल तेव्हा लावून घ्या.

वाऱ्याची दिशाही उपयोगी पडते. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तलावावरून वारा किनाऱ्याकडे येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. खोलीला दोन बाजूंना खिडक्या असतील तर रात्री जमिनीकडची पूर्ण आणि तलावाकडची थोडी उघडी ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत खोलीतला वास बदललेला कळतो.

बाकीची कामं भराभर सांगते. कॉट आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे. धुतलेले कपडे खोलीत वाळवायचे नाहीत. एका बादलीभर कपड्यांतून सुमारे दोन लिटर पाणी हवेत जातं, आणि छोट्या खोलीला ते पुरून उरतं. व्हरांड्यात दोरी बांधा, नाहीतर लॉन्ड्रीच्या बॉयलर रूमजवळ जागा मागा. कपाटाच्या तळाशी ओल शोषणारा कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवा, आणि त्यात जमलेलं पाणी कपड्यांवर सांडू देऊ नका. त्याचा डाग चिकट असतो. झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत कपडे ठेवायचे तर ते पूर्ण कोरडे हवेत, नाहीतर आतच कुजतात.

बुरशी आली असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसा आणि जागा कोरडी करा. ब्लीच वापरलंत तर त्यात दुसरं काहीही मिसळू नका. टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर ब्लीचमधून विषारी वायू निघतो, आणि आपल्या हाउसकीपिंगच्या ट्रॉलीवर या बाटल्या शेजारी-शेजारीच असतात. एक चौरस मीटरपेक्षा मोठा डाग असेल तर तो आपल्या फडक्याचा विषय नाही. कुठेतरी पाइप गळतोय किंवा छत झिरपतंय. मेंटेनन्सच्या वहीत तारखेसह नोंद करा आणि नोंदीचा फोटो ठेवा.

फर्निचर घेणार असाल तर भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं काही घेऊ नका. कडेची पट्टी सुटली की त्या पाणी पितात आणि पावासारख्या फुगतात. रंग दिलेला लोखंडी रॅक, बांबू किंवा अस्सल लाकूड टिकतं. जमिनीवर जाड गालिचा नको. हाताने धुता येईल एवढी सुती सतरंजी कॉटशेजारी पुरते.

झोपेची जागा

रिसॉर्टवर रात्र एका वेळी होत नाही. फ्रंट ऑफिसच्या नाइट ड्युटीवाल्याची रात्र सकाळी आठला सुरू होते, रेस्टॉरंटमध्ये ब्रेक शिफ्ट करणाऱ्याची दुपारी तीन ते सहा अशी तुकड्यात येते. त्यामुळे पडदा ही शोभेची वस्तू नाही. गडद, जाड कापडाचा घ्या, आणि खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर रुंद.

तलावाकाठी आणखी एक गोष्ट होते. सूर्य कलला की त्याचा बराच उजेड पाणी परावर्तित करतं, आणि तो खालून वर येतो. छतावर हलणारी ती सोनेरी जाळी बघायला फार सुंदर असते, पण नाइट करून झोपलेल्याला ती जागं करते. म्हणून पडदा खिडकीच्या कट्ट्याखाली वीतभर तरी उतरला पाहिजे. पट्ट्यांचे ब्लाइंड असतील आणि वर व्हरांड्याचं छप्पर असेल, तर पट्ट्यांची बाहेरची कड वर आणि आतली कड खाली अशी फिरवा. नेहमीच्या तिरक्या बाजूने खालचा उजेड थेट आत येतो.

संध्याकाळी दिव्यावर जे डासांसारखे थवे येतात, ते बहुतेक चावत नाहीत. तलावाच्या गाळात वाढलेले ते चिलटासारखे किडे असतात. ते भिंतीवर चिरडू नका, डाग राहतो. दिवा लावायच्या आधी पडदा ओढा आणि पांढऱ्या ट्यूबऐवजी २७०० केल्विनचा पिवळसर बल्ब लावा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात. डोळ्यांनाही तोच बल्ब बरा वाटतो. चावणारे डासही काठाला असतातच, तेव्हा खिडकीला जाळी किंवा कॉटला मच्छरदाणी हवीच.

रूममेटशी बोलणं

हे पहिल्या आठवड्यातच करा, राग साठण्याआधी. माझी दुसऱ्या सीझनची रूममेट किचनमध्ये होती आणि पहाटे साडेचारला उठायची. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, “अगं, तुझा अलार्म चार वेळा वाजतो, मी साडेअकराला झोपलेली असते.” ती म्हणाली, “मग तू रात्री आल्यावर मोठा दिवा लावतेस त्याचं काय?” पाच मिनिटांत ठरलं: तिचा अलार्म उशीखाली आणि कंपनवर, माझ्यासाठी दाराजवळ एक छोटा दिवा. दोघींचे रोस्टर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले. कोणाची सुट्टी कधी, कोण कधी झोपलेलं असणार, हे विचारावंच लागलं नाही.

भिंतही वाटून घ्या. आपल्या कॉटवरचा पट्टा आपला, मधली भिंत दोघींची, तिथे काही लावायचं तर विचारून. बंक बेड असेल तर खालच्या कॉटला दोरीवर सरकणारा पडदा लावा. दोन मीटर लांबीच्या त्या कोनाड्यात माणसाला हवं तेव्हा एकटं होता येतं. दिवसभर पाहुण्यांसमोर हसून बोलल्यावर त्याची फार गरज असते.

आता शोभा

रंगापासून सुरुवात करा. तलावाकाठच्या रिसॉर्टमध्ये जिकडेतिकडे निळं-पांढरं, भिंतीवर वल्हं, कोपऱ्यात दोरखंडाचं वेटोळं. पाहुण्यांना ते दोन दिवस छान वाटतं. आपण त्यात रोज नऊ तास काढतो, म्हणून आपल्या खोलीत तो रंग आणू नका. विटकरी, हळदी, मातकट हिरवा, काहीही चालेल, पण दार उघडल्यावर ड्युटी संपली असं वाटलं पाहिजे. एक पलंगपोस आणि एक उशीचा अभ्रा बदलला तरी छोट्या खोलीत मोठा फरक पडतो.

खिळ्यांऐवजी चिकट पट्टीचे हुक वापरायचे तर ओल्या किंवा पोपडे सुटलेल्या भिंतीवर लावू नका. वस्तूसकट रंग खाली येतो. जागा स्पिरिटने पुसा, वाळू द्या, हुक अर्धा मिनिट दाबून धरा आणि वजन तासाभराने टांगा. काढताना पट्टी भिंतीला समांतर, सावकाश खाली ओढायची. कापडाची टांगणी भिंतीला टेकवण्याऐवजी खिडकीच्या चौकटीत स्प्रिंगच्या दांडीवर लावा, मागे हवा खेळती राहते. काचेच्या फ्रेममध्ये कागद लवकर ओल धरतो, म्हणून घरच्या माणसांचे फोटो मी दोरीला चिमट्यांनी लावते आणि मूळ प्रती घरीच ठेवते.

तलावाची आठवण हवी असेल तर काठावरचं वाळलं लाकूड, गोटे, पाणकणीस (पाण्याकाठच्या उंच गवताचं तपकिरी कणीस). आधी विचारा, संरक्षित क्षेत्रातून काहीही उचलायला मनाई असते. लाकूड ब्रशने घासून काही आठवडे सावलीत वाळू द्या, नाहीतर त्यातल्या अळ्या कॉटपर्यंत येतात. पाणकणसाचं मी शिकले ते असं: पूर्ण पिकलेली तीन जाडजूड कणसं बाटलीत घालून कपाटावर ठेवली. खोलीच्या उबेत ती वाळली आणि एका रात्रीत फुटली. एका कणसात दोन लाखांहून जास्त बिया असू शकतात, प्रत्येकीला कापसासारखा झुपका. सकाळी तो गाद्यांवर, कपड्यांवर, रूममेटच्या केसांत होता. कणसं बारीक आणि घट्ट असतानाच घ्या आणि दोनदा हेअर स्प्रे मारा, मग ती वर्षभर राहतात.

रिसॉर्टने बाद केलेलं लिनन, जुने पडदे, कान तुटलेले कप यातून खोली सुंदर सजते. पण सुपरवायझरच्या सहीची गेट पास चिठ्ठी असल्याशिवाय एक नॅपकिनही खोलीत आणू नका. वस्तू कितीही फाटकी असली तरी चिठ्ठी घ्या आणि सीझन संपेपर्यंत जपून ठेवा. चांगल्या कामसू मुलींवर यावरून आळ आलेला मी पाहिलाय.

सीझन संपताना

शेवटच्या आठवड्यात सामान एका बॅगेत आणि एका पिशवीत मावतं का बघा. मावत नसेल तर रॅक, सतरंजी, पिवळे बल्ब पुढे येणाऱ्याला द्या. क्वार्टर काही महिने बंद राहणार असेल तर गादी भिंतीपासून दूर उभी करा, कपाटाची दारं आणि खण उघडे सोडा, बाथरूमच्या जाळीत पाणी ओता, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. कापडाची एकही वस्तू मागे ठेवू नका. हुक काढा, पहिल्या दिवशी जिथे उभं राहून फोटो काढले होते तिथूनच पुन्हा काढा, आणि किल्ली दिल्याची सही घ्या. हायग्रोमीटर सगळ्यांत शेवटी खिशात टाका. त्याचा आकडा शेवटच्या फोटोत आला पाहिजे.