जुन्या ट्रकची थरथर शोधताना या चुका टाळा

गळीत हंगाम तोंडावर आला, की पावसाळाभर उभे असलेले जुने ट्रक बाहेर निघतात आणि कोल्हापुरात शिरोलीपासून उजळाईवाडीपर्यंतच्या गॅरेजांत एकच तक्रार ऐकू येते: गाडी ठरावीक वेगाला थरथरते. तक्रारीत नवल काही नाही. नवल याचे वाटते, की गाडी आमच्यापर्यंत येते तोवर मालकाने पुढचे दोन टायर, एखादा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात वळणारा सांधा) आणि कधी कधी क्लच प्लेटसुद्धा बदललेली असते आणि थरथर मात्र जिथल्या तिथे असते.

गाडी न चालवताच पाना हाती घेणे

थरथर कुठून येते हे रस्त्यावरच ठरवावे लागते; गॅरेजात उभी असलेली गाडी काही सांगत नाही. 10.00-20 मापाच्या टायरचा घेर साधारण सव्वातीन मीटर असतो, म्हणजे ताशी 60 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास 5 फेरे घेते. मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमधील क्राउन-पिनियनचे (शाफ्टची गती चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चाकांचे) गुणोत्तर 6 च्या आसपास धरले, तर त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा लांब नळा, सेकंदाला सुमारे 30 फेरे घेत असतो. त्यामुळे दोष चाकात असेल, तर हादरे जवळजवळ मोजता येतील इतके सुटे जाणवतात. दोष शाफ्टमध्ये असेल, तर पायाखालच्या पत्र्यातून सलग घरघर येते आणि बाजूच्या आरशातले दृश्य धूसर होते. हादरा स्टेअरिंगमध्ये असेल तर पुढची चाके आणि सीटखाली असेल तर मागची बाजू आधी पाहावी.

यात एक मेख आहे. ओव्हरड्राइव्ह (शाफ्टला इंजिनपेक्षा जास्त वेगाने फिरवणारा गिअर) नसलेल्या जुन्या गिअरबॉक्समध्ये सर्वांत वरच्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, म्हणून त्या गिअरमध्ये कितीही वेळ गाडी पळवली तरी दोघांपैकी दोषी कोण हे समजत नाही. थरथर सुरू होण्याचा वेग लक्षात ठेवावा आणि तोच वेग एक गिअर खाली घेऊन धरावा. इंजिन त्याच्या मर्यादेबाहेर ओरडू लागणार असेल, तर ही पायरी सोडून द्यावी. इंजिनची गती वाढूनही थरथर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. ती बदलली, तर क्लच, फ्लायव्हील आणि इंजिनखालची माउंटिंग रबरे पाहावीत. त्यानंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, इंजिनचा जोर नसतानाही थरथर राहते का, हे पाहावे, पण इंजिन चालूच ठेवावे, कारण एअर ब्रेकची हवा आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही त्याच्यावर अवलंबून असतात. गगनबावड्याच्या उतारावर हा प्रयोग करणाऱ्या चालकाशी मी पुढचे बोलणे करत नाही. रस्त्याच्या कामामुळे महामार्ग जिथे उखडलेला किंवा वळवलेला असेल तिथेही चाचणी घेण्यात अर्थ नाही. तिथे नवी गाडीसुद्धा थरथरते.

एवढ्या सगळ्याला अर्धा तास लागतो. नव्या पोरांना हा अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटतो आणि त्याऐवजी ते दिवसभर गाडीखाली झोपून राहतात.

खुणा न करता शाफ्ट उघडणे

माझा सर्वांत जास्त संताप या चुकीवर आहे. कोनात फिरणारा क्रॉस गती एकसारखी पुढे देत नाही. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात तो दोन वेळा वेग वाढवतो आणि दोन वेळा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हेच उलट क्रमाने करतो, म्हणून मागे पोहोचणारी गती सरळ होते. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असावे लागतात आणि दोन्ही जॉइंटचे कोन सारखे असावे लागतात. स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणारा सरकता जोड) उघडून तो एखादी स्प्लाइन, म्हणजे त्यावरचा एखादा उभा दाता, इकडेतिकडे बसवला, की हे गणित मोडते आणि शाफ्ट नवा असला तरी गाडी हादरते.

राधानगरीच्या बाजूने उसावर चालणारा एक जुना सहाचाकी ट्रक आमच्याकडे आला होता. चढाला उठाव घेताना आणि पन्नाशीच्या पुढे केबिन अशी थरथरत होती, की डॅशबोर्डवरची उदबत्तीची राख जागेवर राहत नव्हती. मालकाने पुढचे टायर बदलले होते, चाके बॅलन्स करून घेतली होती, अलाइनमेंट झाली होती, शाफ्टला मध्ये आधार देणारे सेंटर बेअरिंगही नवे होते. "मिस्त्री, आता फकस्त गाडी विकायची राहिलीया," असे तो म्हणाला. मी त्याला एकच विचारले, की हे सुरू कधी झाले. थोडे आठवून त्याने सांगितले, की दिवाळीआधी दुसऱ्या एका ठिकाणी क्रॉस बदलला, त्यानंतर. पुढचे निदान तिथेच संपल्यात जमा होते. शाफ्टवरचा काळ्या मातीचा आणि ग्रीसचा थर डिझेलच्या फडक्याने पुसला, तेव्हा स्लिप जॉइंटवरचे दोन बाण दिसले. ते समोरासमोर असायला हवे होते आणि प्रत्यक्षात दोन स्प्लाइन सरकलेले होते. बाण जुळवून शाफ्ट बसवला आणि तेवढ्या काळात मार खाल्लेला पुढचा क्रॉस बदलला. आधी बदललेल्या टायरांत आणि बेअरिंगमध्ये दोष नव्हताच, पण त्यांचे पैसे परत कोण देणार?

कारखान्यातून आलेले बाण जुन्या गाडीत अनेकदा झिजून गेलेले असतात. म्हणून शाफ्टला हात लावण्याआधी मी स्लिप जॉइंटवर आणि प्रत्येक फ्लँजच्या (बोल्टने जोडलेल्या चकतीच्या) जोडावर सेंटर पंचाने समोरासमोर ठिपके मारतो. खडूची खूण डिझेलने जाते, रंगाची खूण घाईत पुसली जाते, आणि "ध्यानात राहील" ही खूणच नव्हे. शाफ्ट सोडण्याआधी चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावावेत, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

ग्रीस भरतानाही असाच आळस होतो. क्रॉसच्या चारही टोप्यांतून जुने ग्रीस बाहेर यायला हवे. तिघींतून आले आणि चौथी कोरडी राहिली, तर तीच टोपी पुढे गाडी बंद पाडणार. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर ग्रीस भरण्याची वेळ निघून गेली आहे; क्रॉस बदलावा.

चिखल छिन्नीने खरवडणे

उसाच्या रानात शिरलेल्या गाडीच्या शाफ्टवर आणि रिमच्या आत काळी माती बसते, वाळते आणि एका बाजूने जड होते; शाफ्टला पाचट गुंडाळलेले असते ते वेगळेच. नुसत्या धुण्याने थरथर गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मात्र क्लीनरच्या हाती छिन्नी-हातोडा दिला, की मातीबरोबर शाफ्टच्या नळ्यावर वेल्ड केलेली बॅलन्सची पट्टीही उडते आणि नसलेला दोष तयार होतो. नळ्यावर चौकोनी, खरबरीत डाग दिसला, तर तिथली पट्टी गेली असे समजावे आणि शाफ्ट मशिनवर बॅलन्स करून घ्यावा. पाण्याचा मारा आणि लाकडी खुंटी एवढे साहित्य पुरते.

शाफ्ट वाकला असल्याची शंका असेल, तर नजरेने ठरवू नये. शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि डायल गेज (बारीक फरक मोजणारे काट्याचे यंत्र) हाकेच्या अंतरावर मिळतात, तरीही आमच्याकडे माणसे एक डोळा मिटून शाफ्ट बघतात! नळ्याच्या मध्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे फरक आला, तर शाफ्ट कामाचा नाही. तो हातोडीने सरळ करू नये आणि रस्त्याकडेच्या वेल्डरकडून जोडून घेऊ नये, कारण उष्णतेने नळा पुन्हा ओढला जातो.

पाटा वाढवून कोन विसरणे

जादा माल बसावा म्हणून मागे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) वाढवले, की हाउसिंग आणि चासी यांतील अंतर वाढते आणि शाफ्टचे कोन बदलतात. अशी गाडी भरलेली असताना शांत चालते आणि रिकामी परतताना थरथरते. हे लक्षण ऐकूनही टायर बदलायला निघालेल्या मालकाला मी आधी पाटे मोजायला सांगतो. बाकी माल जितका पासिंगचा तितकाच भरावा, हे माझे मत कोणी विचारत नाही.

किरकोळ, पण रोजच्या

रात्रभर उभ्या राहिलेल्या नायलॉन टायरांना खाली सपाटी येते. पहिल्या काही किलोमीटरची थरथर टायर तापल्यावर जात असेल, तर काही उघडू नये. जोडीच्या टायरांमध्ये अडकलेला दगड आधी पाहावा. व्हील नट एका बाजूने ओळीत आवळू नयेत, समोरासमोरचे आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेला) टायर पुढे लावू नये. खड्ड्यानंतर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फडफडत असेल, तर बॅलन्सिंगआधी किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते ती पिन) आणि टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा) यांचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, बघावा. लॉक रिंगच्या (टायर जागी धरणाऱ्या लोखंडी कडीच्या) डिस्कवर, म्हणजे रिमवर, टायरमध्ये हवा असताना हातोडी मारू नये आणि हवा भरताना रिंगच्या समोर कोणालाही उभे राहू देऊ नये, मग घाई कितीही असो.