समिती नेमण्याआधी: एकदा तोंडघशी पडलेल्या सचिवाची तयारीची यादी

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या रहिवासी संघाची सचिव होते आणि एक चांगली समिती माझ्या हातून बुडाली. पाच जण होते, पाचही आपणहून पुढे आलेले. इतिवृत्ताच्या वहीत मी लिहिलं, 'बागेसंबंधी योग्य ती कार्यवाही करण्यासाठी बाग समिती नेमण्यात येत आहे.' लिहिताना जरा बरंच वाटलं होतं, वाक्य कसं भारदस्त झालं म्हणून. पुढच्या तीन महिन्यांत समितीने गंजलेला झोपाळा काढून टाकला, मेंदीचं कुंपण मुळापासून उपटलं आणि चार बाकांची ऑर्डर दिली. आगाऊ रक्कम समितीतल्या एका निवृत्त काकांनी खिशातून भरली. संघ देईलच की, या भरवशावर. सभेत कुणीतरी उठून विचारलं, "कुणाला विचारून?" समिती म्हणाली, आम्हाला काम दिलं होतं. कार्यकारिणी म्हणाली, आम्ही फक्त पाहणी करायला सांगितली होती. वही उघडली. वहीत 'योग्य ती कार्यवाही'. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

काकांचे पैसे मिळाले, पण चार महिन्यांनी. जिन्यात भेटले की अजून "बरंय ना?" म्हणतात, थांबत मात्र नाहीत. त्या पाचांपैकी चौघांनी पुन्हा कुठल्याच कामाला हात लावला नाही.

यंदा सचिवपद परत माझ्या गळ्यात पडलंय आणि तीन समित्या नेमायच्या आहेत. म्हणून ही यादी.

आधी समिती हवी का ते बघा. जिन्यातले दिवे, टाकी धुण्याची तारीख, सूचना फलक ही एकेका माणसाची कामं आहेत, तिथे एक नाव लिहा आणि मोकळे व्हा. वाद होणार असेल, बरीच घरं त्यात गुंतली असतील किंवा काम महिनोन्‌महिने चालणार असेल, तरच समिती. 'काहीतरी करतोय असं दिसायला हवं' म्हणून नेमलेली समिती लोक दुसऱ्या बैठकीतच ओळखतात आणि तिसरीला येत नाहीत.

आता अधिकाराचा कागद. माणसं शोधण्याआधी, सभेत घोषणा करण्याआधी, कुणाला फोनसुद्धा करण्याआधी हा कागद लिहून तयार पाहिजे. अर्धं पान पुरे. त्यात काम काय, समिती स्वतः काय ठरवू शकते, काय विचारूनच करायचं, पैसे किती आणि कुणाच्या हातून, आणि समिती कधी संपणार, एवढं यायला हवं. बागेसाठी मी तेव्हा काय लिहायला हवं होतं ते आता पाठ झालंय : 'समितीने बागेची पाहणी करून दुरुस्तीचा प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत कार्यकारिणीला द्यावा. झाडांची छाटणी आणि किरकोळ दुरुस्ती समितीने स्वतः ठरवावी, त्यासाठी अमुक रकमेपर्यंत खर्च करता येईल. बागेतली कोणतीही वस्तू किंवा झाड कायमचं काढणं, नवीन खरेदी करणं, यासाठी कार्यकारिणीची लेखी मंजुरी आधी घ्यावी. प्रस्तावावर निर्णय झाला की समिती विसर्जित होईल.' चार वाक्यं. दहा मिनिटांचं काम. ते मी केलं नाही म्हणून एक झोपाळा, एक कुंपण आणि चार माणसं गेली.

'योग्य ती', 'आवश्यकतेनुसार', 'यथावकाश' हे शब्द या कागदात दिसले की खोडा. ऐकायला ठीक वाटतात, पण निर्णय कोण घेणार हे त्यांच्याआड लपतं. रक्कम लिहायला संकोच वाटतो, आपलीच माणसं आहेत, हिशेब काय मांडायचा, वगैरे. मांडा. आकडा नसेल तर प्रामाणिक माणूसच आधी अडचणीत येतो, कारण तोच खिशात हात घालतो.

शिफारस करणारी समिती आणि काम करून दाखवणारी समिती या दोन वेगळ्या जाती आहेत, आणि कागदावर यातली एकच लिहायची. हेन्री रॉबर्ट नावाचा अमेरिकन लष्करातला एक इंजिनिअर होता. १८६३ मध्ये त्याला अचानक एका सभेचा अध्यक्ष केलं, सभा कशी चालवतात ते ठाऊक नव्हतं, आणि भर सभेत त्याची फजिती झाली. त्या लाजेतून अभ्यास करून १८७६ मध्ये त्याने सभेच्या नियमांचं पुस्तकच काढलं, ते आजही वापरात आहे. (मी निदान यादीवर थांबले.) त्या नियमांतली एक गोष्ट मला दोन वर्षं उशिरा कळली. ठरलेलं काम पार पाडायचं असेल तर समिती लहान ठेवा आणि ते काम पटलेलीच माणसं घ्या. चौकशी किंवा विचारविनिमय करायचा असेल तर समिती मोठी ठेवा आणि विरोधकांसकट सगळ्या बाजूंची माणसं घ्या. आम्ही नेमकं उलट केलं होतं. बाग कशी असावी हेच ठरलं नव्हतं आणि समितीत पाचही झोपाळाविरोधी. ज्यांची मुलं झोपाळ्यावर खेळायची त्यांतलं एकही घर नाही.

संख्या विषम ठेवा. काम करणारी समिती तीन किंवा पाच जणांची. चर्चा करणारी सात जणांची झाली तरी चालते, पण त्यापुढे बैठकीची तारीखच जुळत नाही. कोरम, म्हणजे बैठक धरायला निदान किती जण हजर हवेत, ते आधीच ठरवा. पाचांत तिघं, म्हणजे निम्म्याहून जास्त. नाहीतर दोघं कट्ट्यावर बसून ठरवतील आणि त्याला बैठक म्हणतील.

माणसं सभेत हात वर करायला सांगून मिळत नाहीत. मिळतात ती तीच, दर वेळची. दार वाजवून, समोर बसून विचारा, आणि काम नेमकं सांगा. "समितीत याल का?" या प्रश्नाला उत्तर 'बघू'. "महिन्यातून दोन संध्याकाळी, चार महिने, फक्त पार्किंगच्या जागा मोजून नकाशा करायचाय" याला हो किंवा नाही मिळतं, आणि नाही मिळालं तरी आपला वेळ वाचतो. भाडेकरूंना विसरू नका. बाग, पाणी, गेट त्यांच्याही वापरात असतं आणि त्यांना कुणी विचारतच नाही. सतत तक्रारी करणाऱ्याला घ्यावं का? चर्चेच्या समितीत जरूर, कामाच्या समितीत तक्रार कामाबद्दलच असेल तर. कुणाचा मेहुणा रंगकाम करतो, कुणाचं दुकान आहे, हे पहिल्याच दिवशी सांगायला लावा. हितसंबंध असला म्हणून माणूस वाईट होत नाही, फक्त त्या खरेदीच्या चर्चेत त्याने बाहेर बसायचं. आणि हे विचारताना अधिकाराचा कागद हातात द्या. वाचून मग हो म्हणू द्या. एकाने यंदा कागद वाचून सरळ नकार दिला, "निर्णय तुम्हीच घेणार असाल तर माझी संध्याकाळ कशाला?" मला राग आला नाही. हाच नकार त्याने तीन महिन्यांनी भांडून दिला असता.

निमंत्रक एकच. दोन सह-निमंत्रक म्हणजे दोघंही समजणार की दुसऱ्याने फोन केला असेल.

पहिल्या बैठकीत काय लागतं ते सगळ्यांना माहीत आहे : जागा, वेळ, वही, टिपणं घेणारा. एकच सांगते, बैठकीची सुरुवात अधिकाराचा कागद मोठ्याने वाचून करा. हो, पुन्हा तोच कागद. हसतील, हसू द्या. वाचताना कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे जुनं गेट काढायचा निर्णय आपला नाही?" हा प्रश्न पहिल्या दिवशी निघाला पाहिजे, गेट निघाल्यावर नव्हे. शंका आली तर कार्यकारिणीकडून दुरुस्ती करून घ्या, तीही लेखी. फोनवरचं "हो हो, करा" धरायचं नाही. मी तेव्हा बागेच्या लोकांना जिन्यात "हो हो, बघा तुम्हीच" असं म्हटलं होतं म्हणे. मला आठवत नाही. त्यांना आठवतंय.

विषयपत्रिकेत मोठा विषय आधी घ्या. बाकांचा रंग कोणता यावर आमची पन्नास मिनिटं गेली होती आणि पैसे कुठून येणार यावर चार, कारण तोवर सगळ्यांना घरी जायचं होतं. रंगावर प्रत्येकाला मत असतं.

टिपणात भाषणं नकोत. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, इतकंच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढालच, काढा, पण ग्रुपवर अंगठे आले म्हणजे ठराव झाला असं नाही. जे वहीत नाही ते ठरलेलं नाही. रहिवाशांचे फोन नंबर समितीला कामापुरते द्या आणि काम झालं की परत काढून घ्या.

पैसे. खिशातून भरायचे नाहीत, कुणीही, कितीही थोडे. चहाचे भरतील, त्याला इलाज नाही. खरेदी असेल तर निदान तीन ठिकाणची दरपत्रकं, तिन्हींत माल एकच असल्याची खात्री, मग खजिनदाराकडून थेट देणं. मंजुरी देणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नको. बिलावर संघाचं नाव हवं, समितीतल्या माणसाचं नको.

आता कार्यकारिणीकडे वळते, कारण आमच्याकडे अर्धा दोष तिथे होता. कागद दोन्ही बाजूंना बांधतो. छाटणी समितीने ठरवायची असं लिहून दिलं असेल तर अध्यक्षांना ती छाटणी आवडली नाही म्हणून उलटवायची नाही. एकदा उलटवली की समिती प्रत्येक फांदीसाठी विचारायला येते, आणि मग कार्यकारिणीच कुरकुरते की ही माणसं स्वतः काही करत नाहीत. तसंच प्रस्ताव मागवला असेल तर उत्तर किती दिवसांत देणार तेही त्याच कागदावर लिहा. बाग समितीने म्हणे बाकांबद्दल मला दोन पत्रं पाठवली होती. पत्रं माझ्या फायलीत सापडली. नंतर. तेव्हा 'कुणाला विचारून' याचं खरं उत्तर 'विचारलं होतं, कुणी बोललंच नाही' असंही होतं, आणि ते सभेत सांगण्याचं धाडस मला झालं नाही.

महिन्याला अर्ध्या पानाचा अहवाल घ्या. आला नाही तर निमंत्रकाच्या घरी जाऊन बसा. बहुतेक वेळा काम अडलेलं असतं आणि सांगायची लाज वाटत असते. सलग तीन बैठका चुकवणाऱ्याला प्रेमाने मोकळं करा.

शेवटचा टप्पा थोडक्यात, कारण आता मलाही कंटाळा आलाय. किल्ल्या, पासवर्ड, बिलं, कंत्राटदाराचा नंबर, वॉरंटीचे कागद हे सगळं एका फायलीत, सही घेऊन परत. अंतिम अहवाल सभेपुढे वाचायचा. विसर्जनाचा ठराव वहीत घ्यायचा, नाहीतर समिती नुसती लोंबकळत राहते. ग्रुप बंद. आभार नावानिशी, कागदावर. कुणाचे पैसे अडकले असतील तर आभाराआधी ते द्या.

पाणी समितीचा कागद झाला, पार्किंगचाही झाला. सुरक्षेचा राहिलाय, आणि तिथे रात्री गेट किती वाजता बंद करायचं हे कोण ठरवणार यावर माझंच अजून नक्की नाही. ते लिहून होईपर्यंत मी कुणाचंही दार वाजवणार नाहीये.