निराधार अनुदानाचा अर्ज अडकलाय? या चुका टाळा

आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे हातचं काम सुटलं की महाराष्ट्रात पहिलं नाव निघतं ते संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं. योजना १९८०पासूनची. अर्ज तहसील कार्यालयातल्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत जातो, तिथून तालुका समितीपुढे. त्यातले कितीतरी त्रुटी निघून परत येतात, आणि परत आलेल्या माणसाचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं: "एवढे रिपोर्ट जोडले, तरी नाही म्हणाले." गोम तिथेच आहे. रिपोर्टांवरून आजार कळतो. या माणसाला आता कमावता येत नाही, हे मात्र फाईलमधल्या एकाही कागदावर लिहिलेलं नसतं. आणि योजना विचारते तेवढंच.

वाटच चुकीची धरणं

काम न करू शकणाऱ्या माणसाला या योजनेत दोन वाटांनी येता येतं. एक, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन. दुसरी, क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही म्हणून. अर्जात खूण कुठे करायची हे बरेचदा सेतू केंद्रात गर्दीच्या वेळी, कुणीतरी घाईत ठरवतं. घरचेही म्हणतात, कुठूनही मंजूर होऊ दे.

असं करू नका. दुर्धर आजाराच्या वाटेने कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं किंवा नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावं लागतं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. अनुदान सगळ्यांना महिना १,५०० होतं. ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांगांचं २,५०० झालं, बाकीच्यांचं आहे तिथेच आहे. म्हणजे लकवा मारून एक बाजू गेलेला माणूस 'पक्षाघाताचा रुग्ण' म्हणून आला तर दीड हजार, आणि तोच अस्थिव्यंगाचं प्रमाणपत्र घेऊन आला तर अडीच हजार. माणूस तोच, हातही तोच.

म्हणून आधी पाहायचं की तुमचा आजार किंवा त्याने शरीराचं झालेलं नुकसान २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत बसतं का. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून आंधळा-लंगडा-मुका एवढीच यादी असते. नव्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मानसिक आजार, बरा झालेला कुष्ठरोग, ॲसिड हल्ल्याने आलेली विद्रूपता हे सगळं आहे. गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या कुटुंबांना हे सांगणारं कुणी भेटतंच असं नाही.

यादीत किडनी निकामी होणं नाही, हृदयविकार नाही, कर्करोगही नाही. डायलिसिसवरच्या रुग्णाने टक्क्यांच्या मागे लागून सिव्हिलच्या चकरा मारू नयेत. त्याने दुर्धर आजाराची वाट धरावी. पण मधुमेहात पाय कापावा लागला असेल किंवा नजर गेली असेल, तर ते अस्थिव्यंग किंवा दृष्टिदोष म्हणून मोजलं जातं. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत हात गेला असेल तर तसंच. आजाराचं नाव यादीत नसलं तरी त्याचा परिणाम यादीत असू शकतो. तपासणीला जाताना हे बोलायचं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. दोन वेगवेगळी व्यंगं असतील तर दोन्ही तपासून घ्या. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, पण एक सूत्र आहे: मोठ्या टक्क्यात, लहान टक्का गुणिले (९० वजा मोठा टक्का) भागिले ९०, एवढं मिळवायचं. पायाचे ३० आणि डोळ्याचे २० असतील तर ३० अधिक साधारण १३, म्हणजे ४३. ज्याला नुसत्या पायावर नकार मिळाला असता, तो ४० टक्क्यांची अट ओलांडतो.

लकव्याच्या रुग्णाला पहिल्या काही महिन्यांत टक्के ठरवणारं वैद्यकीय बोर्ड सहसा थांबायला सांगतं, कारण हातपाय सुधारत असतात. तोवर रिकामं बसू नका. दुर्धर आजाराखाली अर्ज करा आणि प्रमाणपत्र मिळालं की प्रकार बदलून मागा.

दाखल्यात कामाची ओळच नसणं

खासगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची फिल्म, औषधांची बिलं यांचा गठ्ठा जोडून उपयोग नाही. आजाराचा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकांचा किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा लागतो. तो घेताना लाजू नका, टेबलावरच वाचा. "सदर रुग्ण अमुक आजारावर उपचार घेत आहे" एवढंच लिहिलं असेल तर तो उपचाराचा पुरावा झाला. आजार कोणता, कधीपासून, आणि त्यामुळे रुग्ण काम करून चरितार्थ चालवू शकत नाही, या तीनही गोष्टी त्यात याव्यात. डॉक्टर हे मुद्दाम टाळतात असं नाही. त्यांच्यापुढे रांग असते आणि दाखला कशासाठी हवाय हे कुणी सांगितलेलं नसतं. "निराधार योजनेसाठी हवाय, काम करता येत नाही असा उल्लेख हवा" हे वाक्य केस पेपर पुढे करतानाच बोलून टाका.

दिव्यांगत्वाच्या बाबतीत जुनं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊन जाऊ नका. स्वावलंबन पोर्टलवरचं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) किंवा ऑनलाइन प्रमाणपत्र लागतं. ४०पासून ८० टक्क्यांच्या आत असेल तर कार्ड पिवळं, ८० किंवा जास्त असेल तर निळं. पांढरं म्हणजे चाळीसच्या खाली. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत असते. ती संपली की पुढे अनुदान अडकतं, म्हणून मुदत संपण्याच्या बरंच आधी फेरतपासणीचा अर्ज टाका. टक्के कमी लावले असं वाटत असेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९खाली अपील आहे, ९० दिवसांच्या आत. दलालाकडून टक्के वाढवून घ्यायची बोली लावणाऱ्यांनी कलम ९१ही वाचावं: खोटेपणाने लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"मी बरा आहे" असं म्हणणारा रुग्ण

मानसिक आजाराच्या तपासणीत नुकसान होतं ते बहुतेक याच वाक्याने. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला त्या दिवशी नीट वाटत असतं, अंघोळ घालून, धुतलेला शर्ट घालून घरच्यांनी आणलेलं असतं, आणि डॉक्टरांनी विचारलं की तो म्हणतो, सगळं ठीक आहे. घरचे शेजारी गप्प उभे. चारचौघांत काय बोलायचं म्हणून.

तिथे मोजतात काय, ते लक्षात घ्या. आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर स्वतःची काळजी घेणं, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम अशा चार बाबींना गुण दिले जातात, आजार किती वर्षांचा आहे तेही धरलं जातं. म्हणून जो चोवीस तास सोबत असतो त्यानेच बरोबर जावं. अंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, गोळ्या कोण देतं, शेवटचं काम कधी आणि कशामुळे सुटलं, बाजारात पाठवलं तर काय होतं, हे घरी बसून कागदावर उतरवून न्यावं. वाढवून सांगायची गरज नाही. पण घराची अब्रू म्हणून झाकलंत तर टक्केही झाकले जातात. हेच थोड्याफार फरकाने दम्याच्या, पाठीच्या, लकव्याच्या रुग्णालाही लागू: "चालता येतं का?" याला "हो" म्हणू नका, कुठपर्यंत चालता येतं आणि मग काय होतं ते सांगा.

उत्पन्नाच्या दाखल्याचा आकडा

२१,००० वर्षाला म्हणजे महिन्याला १,७५०. २०२५-२६ची रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, म्हणजे कुणी १०० दिवस रोहयोवर गेला तरी ३१,२०० होतात. सरकारी कामावर गेलेला मजूर सरकारी गरिबीतून बाहेर पडतो, असा हा हिशोब आहे. मर्यादा वाढायला हवी हे माझं स्पष्ट मत, पण आज अर्ज आजच्या मर्यादेतच बसवावा लागतो.

इथे घोळ होतो तो जुन्या आकड्याने. नवरा आजारी पडण्याआधी ट्रक चालवत होता, तेव्हाचा मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला ६०,०००चा दाखला घरात असतो आणि तोच जोडला जातो. किंवा तलाठी (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) मागचा आकडा पाहून तोच पुढे ओढतात. चौकशीच्या वेळी काम कोणत्या महिन्यापासून बंद आहे ते सांगा, मालकाचं किंवा मुकादमाचं तसं पत्र असेल तर द्या. सरकारी दाखल्यातली आजाराची तारीख आणि उत्पन्नातली घट एकमेकांना धरून दिसली पाहिजे. आकडा दाबून घेण्याचा मोह नको. घरात दुसऱ्या कामासाठी काढलेला मोठ्या आकड्याचा दाखला चौकशीत समोर आला की अर्ज जातोच, वर विश्वासही जातो.

महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावाही लागतो. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम यांच्यामागे फिरणाऱ्या कुटुंबांचा अर्ज यावर अडतो. मुलांच्या शाळेचे दाखले आणि जुनं रेशन कार्ड जपून ठेवलं असेल तर काम होतं.

लाडकी बहीण आणि इतर गैरसमज

आजारी किंवा दिव्यांग बाई लाडकी बहीणचे १,५०० घेत असते आणि वर निराधारचाही अर्ज करते. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण चालत नाही. पण उलट विचार केलात का? दिव्यांग बाई निराधारच्या अटींत बसत असेल तर तिला अडीच हजार मिळू शकतात आणि ती दीड हजारावर थांबलेली असते. आधी निराधार मंजूर होऊ द्या, मग दुसरा लाभ सोडा. क्रम उलटा केलात तर मधले काही महिने हातात काहीच नाही.

८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या दिव्यांगांना केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन आहे. ते राज्याच्या रकमेवर वेगळं मिळतं असं अनेकांना वाटतं. तसं नाही, केंद्राचे ३०० धरून राज्य बाकीची भर घालतं. खरंच वेगळं मागण्यासारखं आहे ते ग्रामपंचायतीकडे: स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत विचारा, आणि लेखी विचारा.

मंजूर झालं, पण खात्यात काही नाही

अनुदान आता थेट आधारवरून जातं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं नाही. पैसे त्या खात्यात जातात जे आधारला शेवटचं सीड झालंय, म्हणजे जोडलं गेलंय. कधीतरी सिम घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात महिनोन्महिने रक्कम पडून असते आणि माणूस तहसीलला शिव्या घालत असतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा, नको ती बँक निघाली तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा. अर्ज, आधार, पासबुक या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग सारखं आहे ना, तेही बघा.

कुष्ठरोगात बोटं गेलेल्यांचा, लकव्याने हात आखडलेल्यांचा अंगठा उमटत नाही. आधार केंद्रात बुबुळाचा ठसा किंवा बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे. ती मागावी लागते, आपण होऊन कुणी देत नाही. हयातीचा दाखला दर वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये द्यायचा. तो राहिला की एप्रिलपासून अनुदान बंद. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरीच हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

नोकरी असताना राजीनामा लिहून देणं

कारखान्यात, मॉलमध्ये, सिक्युरिटीत असलेल्यांनी हे आधी वाचावं. आजारपण लांबलं की सुपरवायझर म्हणतो, राजीनामा दे, बरा झालास की ये. सही करण्याआधी पगाराच्या पावतीवर ईएसआय (कामगार विमा) आणि पीएफ कापलं जातंय का ते बघा. ईएसआयमध्ये वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपण भत्ता आहे, आणि क्षयरोग, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. पीएफच्या पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर १० वर्षांच्या सेवेची अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शन आहे. "नोकरीत असताना" या शब्दांसाठीच राजीनाम्याची घाई नको.

नकार आला तर

तोंडी "होणार नाही" ऐकून घरी येऊ नका. पोच घेतलेली असेल तर त्या क्रमांकावर कारण लेखी मागा. मिळालं नाही तर माहिती अधिकारात विचारा: समितीच्या कोणत्या बैठकीत अर्ज ठेवला, काय शेरा मारला. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. शेऱ्यात जी त्रुटी लिहिली असेल तेवढीच दुरुस्त करून नव्याने अर्ज करा. सगळा गठ्ठा पुन्हा गोळा करत बसू नका. आणि वय ६५च्या आसपास असेल तर त्याच खिडकीवर वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचा फॉर्म मागा, कारण संजय गांधी योजनेतला अर्ज ६५च्या पुढे धरत नाहीत.