मिशन गॅलॅक्टिका बघायची आमची पद्धत

आमच्या सांगलीत सुट्टीत पोरं गोळा झाली की मी हा सिनेमा लावतोच, पण नुसता लावून मजा येत नाही, थोडी तयारी लागते.

आधी एवढं कळलं पाहिजे की 1979 चा 'मिशन गॅलॅक्टिका: द सायलॉन अटॅक' हा वेगळा शूट केलेला सिनेमा नाहीच, तो 1978 च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळातल्या टीव्ही मालिकेतल्या 'द लिव्हिंग लेजंड'चे दोन भाग आणि 'फायर इन स्पेस' हा एक भाग जोडून बनवलाय. म्हणून पहिल्यांदा मालिकेचा पहिलाच लांबलचक भाग बघा, नाहीतर सायलॉन कोण, ही जहाजं पळतायत कशाला, काहीच कळणार नाही.

मग सिनेमा. जोडलेले ते तीन भाग आधी बघू नका, माझं ऐका! पेगॅसस जहाज अचानक समोर येतं ना, तो धक्का पहिल्यांदा सिनेमातच बसू दे. लॉइड ब्रिजेसचा कमांडर केन तर काय बघावा, नजर हटत नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्ही भाग लावा, वही घेऊन बसा, आणि गॅलॅक्टिका जहाजावर आग लागते तो सगळा प्रकार केनच्या गोष्टीत नेमका कुठं शिवलाय ते शोधा, कुठला सीन कापला, कुठला पुढं-मागं सरकवला तेही लिहा. भाग बघताना टीव्हीच्या चित्राचं रुंदी-उंचीचं प्रमाण चार-तीन (4:3) ठेवा, ताणलं की चेहरे चपटे दिसतात.

एडिटिंग शिकणाऱ्या पोरांना तर हे दाखवाच, जोडकाम असं हातात धरून बघायला मिळत नाही कुठं.