डीबी२ चा लॉग भरत आल्याचा इशारा नेटव्ह्यूने कसा पकडावा

झेड/ओएसवर (आयबीएमच्या मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) नेटव्ह्यू (मेसेज पाहून आपोआप कृती करणारे सॉफ्टवेअर) चालू आहे आणि डीबी२ या डेटाबेसला कमांड देण्याचे अधिकार त्याला आहेत, असे धरून पुढे जाऊ. डीबी२ बदलांची नोंद ॲक्टिव्ह लॉगच्या डेटासेटमध्ये, म्हणजे फाइलींमध्ये, करतो. भरलेला डेटासेट आर्काइव्हमध्ये उतरवून मोकळा करणे म्हणजे ऑफलोड.

एमपीएफ यादीत (कोणत्या मेसेजचे काय करायचे हे झेड/ओएसला सांगणारी यादी) डीएसएनजे११०ई, १११ई आणि ११५आय या डीबी२ च्या तीन मेसेजना ऑटो(येस) लावा, म्हणजे ते नेटव्ह्यूकडे जातील, आणि यादी लागू करा.

आता ऑटोमेशन टेबलातला (कोणत्या मेसेजवर नेटव्ह्यूने काय करायचे त्याचा तक्ता) नियम. घोळ होतो तो इथे. ११०ई, म्हणजे लॉग भरत आल्याचा मेसेज, त्यात टक्केवारी दिसते, म्हणून ‘८० टक्के झाले की कळव’ असा नियम सर्रास लिहिला जातो. तसे करू नका. ही टक्केवारी सगळ्या ॲक्टिव्ह लॉगची नसते, हाताशी उरलेल्या शेवटच्या डेटासेटची असते. बाकीचे भरून ऑफलोडच्या रांगेत अडकलेले असतात. पहिला मेसेज ५ टक्क्यांना येतो, मग दर ५ टक्क्यांनी. ८० ची वाट पाहणाऱ्याने तोवर १५ टप्पे वाया घालवलेले असतात. लॉग पूर्ण भरला की १११ई येतो आणि लॉगमध्ये लिहिणारे प्रत्येक काम ठप्प होते. म्हणून पहिल्याच मेसेजला माणसाला उठवा, पुढचे नुसते नोंदवा. नाहीतर रात्रभर फोन वाजत राहील. टक्केवारी कितवा शब्द आहे हे मोजून उचलू नका, सबसिस्टिमचे नाव मध्ये आले की मोजणी चुकते. ‘पर्सेंट’च्या आधीचा शब्द घ्या.

त्याच नियमातून डिस्प्ले लॉग ही कमांड चालवा. उत्तरात डीएसएनजे३७०आय मध्ये ‘फुल लॉग्ज टू ऑफलोड’ पाहा. ६ पैकी ५ दिसले, तर ऑफलोड अडकले आहे. आर्काइव्हसाठी टेप मागणारा डीएसएनजे००८ई मेसेज कन्सोलवर उत्तराविना पडला असेल, तर टेप तयार आहे हे पाहून ‘वाय’ द्या. ११५आय येऊन गेला असेल, तर आर्काइव्ह डेटासेटला जागाच मिळालेली नाही. आधी जागा करा, मगच आर्काइव्ह लॉग कॅन्सल ऑफलोड द्या; ती अडकलेला ऑफलोड थांबवून नव्याने सुरू करते. ही कमांड ऑटोमेशनच्या हाती देऊ नका. जागा नसताना ती पुन्हा पुन्हा त्याच भिंतीवर आपटेल.

तोवर श्वास घ्यायला आयडीकॅम्स या डेटासेट बनवणाऱ्या प्रोग्रॅमने नवे डेटासेट बनवून सेट लॉग न्यूलॉग या कमांडने लॉगच्या दोन्ही कॉपींना जोडा.

टेबल लावण्याआधी ते लावणाऱ्या ऑटोटीबीएल कमांडला टेस्ट पर्याय द्या. तो फक्त सिंटॅक्स पाहतो. नियम खरोखर पेटतो का, हे बनावट मेसेज पाठवून पाहा.

आणि नेटव्ह्यूच्या एव्हरी टायमरवर दर ५ मिनिटांनी डिस्प्ले लॉग चालवा. ऑफलोडची रांग २ च्या वर गेली की कळवा, म्हणजे ११०ई यायच्या आधीच हाताशी वेळ असेल.