दाढी, वेणी, टिकली: वृद्धाश्रमात नव्याने आलेल्या मुलींसाठी

नव्या मुलीच्या हातात मी पहिल्याच दिवशी कंगवा देत नाही. आधी खोल्या फिरवते आणि प्रत्येकाला विचारायला लावते, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" सरसकट आजी-आजोबा नको. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेल्या माणसाला 'सर' म्हटलं की मान आपोआप वर होते, आणि मान वर झाली की दाढीही नीट होते!

दाढीत सगळ्यात जास्त घाई होते, म्हणून तेच आधी. कानाचं मशीन लावा, नाहीतर तुम्ही काय सांगताय ते त्यांना कळणारच नाही. मग कवळी बसवा. कवळी नसली की गाल आत जातात, सुरकुतीत ब्लेड अडकतं आणि कापतं. गरम पाण्यात पिळलेला पंचा आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, मग दोन-तीन मिनिटं त्यांच्या गालावर ठेवा. एक हात चालत असेल तर फेस त्यांनाच लावू द्या. वेळ लागतो, लागू दे. तुम्ही कातडी हलकेच ताणून धरा आणि केस वाढतात त्या दिशेने ब्लेडचे छोटे छोटे हात मारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ब्लेड नको, दाढीचं इलेक्ट्रिक मशीनच वापरा. रेझर ज्याचा त्यालाच. मिशीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शेवटी चष्मा आणि आरसा हातात द्या. कल्ला वरखाली झाला असेल तर ते बरोबर दाखवतात.

बायकांचे केस सरसकट बारीक कापायची पद्धत मला मुळीच पटत नाही. 'उवा होतात' हे कारण सांगतात, खरं म्हणजे विंचरायचा कंटाळा. त्यांनी स्वतः सांगितलं तर कापा. नाहीतर तेल लावा, मुळाशी एका हाताने केस घट्ट धरा म्हणजे ओढ बसत नाही, आणि गुंता टोकाकडून सोडवत वर या. पडून असणाऱ्यांची वेणी मागे नको, बाजूला घाला. मागची गाठ दिवसभर डोक्याला टोचते. हनुवटीवरचे राठ केस त्यांनाही खुपतात, पण त्या बोलत नाहीत. दार लावून हळूच विचारा, "काढू का?" टिकलीचंही तसंच. नवरा गेलाय म्हणून टिकली लावायची की नाही, हे आपण कोण ठरवणार? डबी पुढे धरा, त्या घेतील नाहीतर राहू देतील.

अंगावरून वारं गेलेल्यांना कपडे घालताना लुळा हात बाहीत आधी, काढताना सगळ्यात शेवटी. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला नुसत्या गाऊनमध्ये उघडं उघडं वाटतं. खांद्यावरून एक ओढणी घाला, पदरासारखी. तेवढ्याने त्या बाहेर व्हरांड्यात येऊन बसतात.

आंघोळीला पडदा, दार आणि मोठा टॉवेल हवाच. जो भाग धुताय तेवढाच उघडा, बाकी झाकलेलं. काख, जांघा, स्तनांखालची घडी टिपून कोरडी करा, रगडू नका. विसरभोळेपणाचा आजार असलेले 'आंघोळ' म्हटल्याबरोबर चिडत असतील तर हुज्जत घालू नका. अर्ध्या तासाने दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. आणि माणूस समोर असताना दोघींनी त्याच्या अंगावरून आपल्या बसच्या गप्पा मारायच्या नाहीत. डायपरचं तर वॉर्डभर ओरडून अजिबात सांगायचं नाही.

नखं आंघोळीनंतर, मऊ असताना कापा. सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. मधुमेह असेल तर पायाच्या नखांना स्वतः हात न लावता नर्सला सांगा, पण बोटांच्या बेचक्या रोज बघा. तिथली जखम त्यांना बऱ्याचदा जाणवतही नाही.

रात्री कवळी धुताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तरी फुटत नाही. गरम पाणी नको, वाकते. साध्या पाण्यात, झाकणाच्या डबीत ठेवा, आणि नाव झाकणावर न लिहिता डबीवर लिहा. झाकणं बदलतात.