जळगावात भरीत कुठे खावं? आधी गाडीच्या मागे जाऊन बघा

थंडीत जळगावला उतरलं की जिकडेतिकडे ‘भरीत-पुरी’च्या पाट्या, आणि नवख्या माणसाला नेमकं कुठे बसावं ते कळत नाही. मी पाटी वाचतच नाही. सरळ मागच्या बाजूला डोकावतो.

१. मागे पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) नाहीतर तुरकाठ्यांचा ढीग आणि ताजी राख दिसली पाहिजे. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही, वरून कितीही फोडणी घाला.

२. वांगी हिरवट-पांढरी, चांगली मोठी हवीत. जळगाव जिल्ह्यातल्याच बामणोद गावाकडची असली तर विचारायलाच नको. जांभळी दिसली की मी पुढे चालू लागतो.

३. बडगीत (होडीसारखं लाकडी भांडं) भरीत ठेचताना धपधप आवाज येत असेल तर तिथेच थांबा. सकाळीच ठेचून पातेल्यात झाकून ठेवलेलं घेऊ नका.

भरीत किलोवर मिळतं. दोघांना पावशेर घेऊन सुरुवात करा, लागलं तर पुन्हा घ्या. सोबत कांद्याची पात मागा, ती बहुतेक ठिकाणी देतातच. कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी असेल तर पुरीचा नाद सोडा.

एक मात्र सांभाळा. हिरवी मिरची वांग्याबरोबरच ठेचली जाते, त्यामुळे ‘तिखट कमी’ हे ठेचायच्या आधी सांगायचं. मी एकदा पहिल्या घासानंतर सांगितलं. गाडीवाला हसला आणि शेजारच्या ताकवाल्याकडे बोट दाखवलं.